दिरंगाईचा हिशेब कोण मागणार?

संरक्षण खर्चाची चर्चा आपल्याकडे वर्षातून दोनदाच पेट घेते. एकदा अर्थसंकल्पाच्या दिवशी आणि एकदा सीमेवर काही घडले की. 2025 साली तिला आणखी एक निमित्त मिळाले. 26 सप्टेंबरला चंदीगडच्या हवाई तळावर मिग-21 या विमानाला निरोप देण्यात आला. 1963 साली हवाई दलात आलेले हे विमान 62 वर्षांनी निवृत्त झाले आणि त्याबरोबर आपल्या लढाऊ स्क्वाड्रनची, म्हणजे विमानांच्या तुकड्यांची, संख्या 29 वर आली. मंजूर संख्या आहे 42. बातमी येताच दोन तट पडले. एकाचे म्हणणे असे की, विमाने घ्या, लागेल तितका पैसा द्या, आणि या घडीला किंमत विचारणाऱ्याची देशनिष्ठा तपासा. दुसऱ्याचे म्हणणे असे की, जिथे सरकारी रुग्णालयात एका खाटेवर दोन रुग्ण झोपतात, त्या देशाला हा शस्त्रांचा सोस कशासाठी? पुढचे काही दिवस दोघेही एकमेकांच्या हेतूंबद्दल बोलत राहिले. एक विमान 62 वर्षे का उडवावे लागले, हा प्रश्न मात्र फारसा कोणी लावून धरला नाही.

माझे मत आधीच सांगतो. सैन्याच्या आधुनिकीकरणावर भारताने खर्च केलाच पाहिजे, दरवर्षी न चुकता केला पाहिजे, आणि तो आजच्यापेक्षा थोडा वाढला तरी माझी हरकत नाही. पण आपल्या संरक्षण व्यवस्थेतला सर्वांत मोठा खर्च अर्थसंकल्पाच्या एकाही पानावर छापलेला नसतो. तो खर्च आहे दिरंगाईचा. तो कधी जवानांच्या जिवाने भरला जातो, कधी घाईघाईत चढ्या भावाने केलेल्या खरेदीतून, तर कधी ऐन वेळी दुसऱ्या देशाच्या मर्जीवर अवलंबून राहून. आपला सगळा वाद 'किती' या एका शब्दावर अडला आहे आणि त्यामुळे 'कधी' आणि 'कोणामुळे' हे दोन्ही प्रश्न सुटून जातात. ज्यांच्यामुळे उशीर झाला, त्यांना या वादाचा फार आधार मिळतो.

आकडे पाहू, कारण वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू ते पूर्ण वाचत नाहीत. 2025-26 च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी 6.81 लाख कोटी रुपयांची तरतूद होती. ही रक्कम ऐकून कोणाचेही डोळे विस्फारतील. पण यातले सुमारे 1.61 लाख कोटी निवृत्तिवेतनाचे. सुमारे 3.12 लाख कोटी पगार, इंधन, दारूगोळा, देखभाल अशा रोजच्या खर्चाचे. भांडवली खर्चासाठी होते 1.80 लाख कोटी आणि त्यातूनही नवी सामग्री घेण्यासाठी जवळपास 1.49 लाख कोटी. म्हणजे नव्या शस्त्रांपेक्षा निवृत्तिवेतनाचा वाटा मोठा आहे. निवृत्तिवेतन हा सैनिकाचा हक्क आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण '6.81 लाख कोटींची शस्त्रे' अशी आरोळी ठोकणारा आणि 'बघा सैन्य किती आधुनिक होतेय' म्हणून छाती फुगवणारा, दोघेही एकच चूक करतात. त्याहून बोलका आकडा 2024-25 चा आहे. त्या वर्षी भांडवली खर्चासाठी 1.72 लाख कोटी मंजूर झाले होते, सुधारित अंदाजात ते 1.595 लाख कोटींवर आले. साडेबारा हजार कोटी रुपये कमी झाले. भांडवली पैसा असा मागे जातो तेव्हा बहुधा एकतर करार वेळेत झालेले नसतात किंवा झालेल्या करारांतली सामग्री वेळेत आलेली नसते. पैसा कमी पडतो म्हणणाऱ्यांनी आणि पैसा उधळला जातो म्हणणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवून पुन्हा बोलावे.

उशीर काय करतो हे समजण्यासाठी मिग-21 चीच गोष्ट थोडी खोलात जाऊन पाहावी लागेल. 1982 साली हवाई दलातील अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फाँटेन समितीने सांगितले की, वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी प्रगत जेट विमान हवे. कारण साधे होते. नवशिका वैमानिक किरणसारख्या संथ, सौम्य प्रशिक्षण विमानावरून थेट मिग-21 वर येत होता. हे विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे, छोट्या पंखांचे आणि ताशी 300 किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीवर टेकणारे. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला या दोन विमानांमधली पायरीच मिळत नव्हती. समितीने मागितली ती ही पायरी. ती कधी मिळाली? ब्रिटनच्या हॉक विमानांचा करार झाला मार्च 2004 मध्ये आणि बिदरच्या तळावर ती रीतसर दाखल झाली फेब्रुवारी 2008 मध्ये. शिफारशीपासून करारापर्यंतच बावीस वर्षे. या काळात दिल्लीत जवळपास प्रत्येक मोठ्या पक्षाचे किंवा आघाडीचे सरकार येऊन गेले. म्हणून हा दोष एका पक्षाच्या माथी मारून मोकळे होता येत नाही, आणि कदाचित म्हणूनच तो कोणी उगाळत नाही.

2012 साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत माहिती दिली की, हवाई दलाने घेतलेल्या 872 मिग विमानांपैकी 482 विमाने अपघातांत गेली आणि त्यांत 171 वैमानिक व 39 नागरिक मृत्युमुखी पडले. हे सगळेच मृत्यू प्रशिक्षणाच्या उणिवेमुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. पक्षी धडकतात, इंजिन बंद पडते, माणूस चुकतो. शिवाय हा आकडा मिगच्या सगळ्या प्रकारांचा आहे. पण 1982 मध्येच कारण कळलेले असताना ते दूर करायला पाव शतक लागावे, याला काय म्हणायचे? हॉक विमानांवर झालेला खर्च आपल्याला दिसतो, कारण त्याचा करार आहे, रक्कम आहे. हॉक न घेतल्याचा खर्च कोणत्या खात्यात टाकला? तो टाकला गेला वैमानिकांच्या घरांवर.

कोणी म्हणेल, विमाने महाग असतात, परकीय चलन लागते, निर्णय अवघड असतो. मग बुलेटप्रूफ जॅकेट घ्या. 2009 साली संरक्षण खरेदी परिषदेने लष्करासाठी नव्या जॅकेटांना मंजुरी दिली. काश्मीरमध्ये शोधमोहिमेवर जाणाऱ्या जवानाच्या अंगावर असायला हवी अशी ही वस्तू. निविदा निघाली, चाचण्या झाल्या, नमुने नापास झाले, निविदा रद्द झाली, पुन्हा निघाली. मध्येच 2016 साली तात्पुरती सोय म्हणून 50 हजार जॅकेटे घेण्यात आली. मूळ 1,86,138 जॅकेटांचा करार झाला एप्रिल 2018 मध्ये. किंमत होती 639 कोटी रुपये. संरक्षणाच्या पसाऱ्यात 639 कोटी म्हणजे आकड्यांच्या गोळाबेरजेत हरवून जाईल अशी रक्कम. देशाकडे एवढे पैसे नव्हते का? होते. रोज गस्तीवर माणसे जात होती आणि नऊ वर्षे फाइल फिरत होती. या नऊ वर्षांत संरक्षण खर्च वाढवा म्हणणाऱ्यांपैकी आणि कमी करा म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी या फाइलची चौकशी केली?

आता विरोधी बाजूचे सर्वांत वजनदार म्हणणे घेऊ. ते नैतिक आहे आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. 1953 साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर म्हणाले होते की, बनवलेली प्रत्येक तोफ आणि पाण्यात उतरवलेली प्रत्येक युद्धनौका ही शेवटी उपाशी आणि उघड्या माणसांकडून केलेली चोरी असते. हे कोण्या शांततावादी कवीने म्हटलेले नाही. युरोपातल्या दोस्त सैन्याचे सेनापतिपद भूषवलेला माणूस हे बोलला होता. आपल्याकडे आरोग्यावरचा सरकारी खर्च 2021-22 मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 1.84 टक्के होता. 2017 च्या आरोग्य धोरणाने तो 2025 पर्यंत अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. संरक्षणाचा खर्चही साधारण 1.9 टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कोणत्याही संवेदनशील माणसाला अस्वस्थ वाटेल आणि ते वाटलेच पाहिजे.

पण या युक्तिवादात एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की तोफेवरचा वाचलेला रुपया दवाखान्यात पोहोचतो. आपलाच इतिहास याच्या उलट साक्ष देतो. 1950 च्या दशकात संरक्षणावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपास ठेवला होता. विकासाला पैसा लागणार होता आणि चीनशी युद्ध होणार नाही असा विश्वास होता. हेतू चांगलाच होता. 1962 च्या ऑक्टोबरमध्ये नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलाच्या, डोंगरांत आपले जवान पॉइंट थ्री-नॉट-थ्री रायफली घेऊन आणि अपुऱ्या गरम कपड्यांनिशी उभे होते. पराभवानंतर दोन वर्षांत संरक्षण खर्चाचा वाटा जवळजवळ दुप्पट झाला. 1965 साली पुन्हा युद्ध झाले, त्यात दोन दुष्काळांची भर पडली, 1966 मध्ये रुपयाचे अवमूल्यन करावे लागले आणि पंचवार्षिक योजनेला तीन वर्षे सुट्टी द्यावी लागली. सगळे खापर युद्धांवर फोडता येणार नाही, दुष्काळ खराच होता. तरीही शाळा आणि धरणांसाठी वाचवलेला पैसा अखेर शाळा आणि धरणांच्याच वाट्यातून दुपटीने वसूल झाला, हे नाकारता येत नाही. आणि सैन्यात जातात ते कोण? साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतली, कोरडवाहू शेतीवर भागत नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या भरतीला उभी राहणारी घरे. ज्या कुटुंबाला सरकारी दवाखाना हवा, त्याच कुटुंबाचा मुलगा जुन्या रायफलीनिशी सीमेवर असतो. त्या घराला दवाखाना किंवा जॅकेट यांपैकी एक निवडायला लावणे मला अन्यायाचे वाटते.

दुसरा आक्षेप शस्त्रस्पर्धेचा. आपण शस्त्रे घेतली की शेजारी घेतो, मग आपण पुन्हा घेतो. सोव्हिएत संघ या चढाओढीत आतून पोखरला गेला आणि पाकिस्तानची अर्थव्यवस्था लष्कराच्या ओझ्याखाली किती वाकली हे आपण पाहतोच. मला हा आक्षेप बराचसा मान्य आहे. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात आपलाही संरक्षण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांवर गेला होता आणि 1991 च्या आर्थिक संकटाआधी सरकारी तिजोरीवर जो ताण होता, त्यात त्याचाही वाटा होता. पण त्याच काळातला सुमदोरोंग चूचा प्रसंगही आठवावा. 1986 मध्ये चिनी सैनिकांनी अरुणाचलातल्या त्या खोऱ्यात तळ ठोकला. भारताने हवाई मार्गाने सैन्य तवांगच्या उत्तरेला नेऊन उंचावरच्या जागा धरल्या. युद्ध झाले नाही. बोलणी सुरू झाली, 1988 च्या डिसेंबरात राजीव गांधी बीजिंगला गेले आणि पुढे 1993 चा सीमाशांततेचा करार झाला. वाटाघाटींच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा. चीनसारख्या देशाशी बोलताना समोरच्याला आपल्या तयारीची खात्री असावी लागते. 1962 पूर्वी आपल्याकडे शब्द होते, तयारी नव्हती.

भ्रष्टाचाराचा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यावर आपण जो उपाय केला त्यानेच रोग बळावला. 1986 साली स्वीडनकडून 410 बोफोर्स तोफा घेतल्या. वर्षभरात स्वीडिश रेडिओने लाचखोरीची बातमी फोडली. 64 कोटींच्या कथित लाचेचा तपास पुढे दशकानुदशके चालला, एक सरकार पडले, न्यायालयात फारसे काही टिकले नाही. जाब विचारणे योग्यच होते. पण त्यानंतर कोणत्याही अधिकाऱ्याला, कोणत्याही मंत्र्याला मोठ्या तोफेच्या फाइलवर सही करण्याची हिंमत होईना. 1999 साली कारगिलच्या शिखरांवर मारा करायला आपल्याकडे ज्या तोफा होत्या, त्यांत खऱ्या कामी आल्या त्या बोफोर्सच. सुटे भाग मिळत नव्हते म्हणून काही तोफा मोडून त्यांचे भाग दुसऱ्या तोफांना लावावे लागले होते. लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांना त्या दिवसांत सांगावे लागले की, जे हाताशी आहे त्यानेच लढू. त्या वाक्यातल्या निर्धाराचे आपण कौतुक केले. एका लष्करप्रमुखावर असे बोलण्याची वेळ का आली, याची लाज मात्र वाटली नाही. कारगिलनंतरही पुढची नवी मोठी तोफ यायला 2017 उजाडले. मधल्या काळात, 2012 साली, लाचखोरीच्या एका प्रकरणात सहा कंपन्यांवर दहा वर्षांची बंदी घालण्यात आली आणि तोफांच्या खरेदीतले पर्याय आणखी आटले. ज्या बोफोर्स करारात तंत्रज्ञानही आपल्याला मिळाले होते, त्याच आराखड्यांवरून जबलपूरच्या कारखान्यात बनलेली धनुष तोफ लष्कराच्या हाती पडली एप्रिल 2019 मध्ये. आराखडे कपाटात असताना तीस वर्षे थांबायला आपल्याला कोणी भाग पाडले?

अँटनी यांच्या वैयक्तिक प्रामाणिकपणाबद्दल कोणी शंका घेतली नाही, मीही घेत नाही. पण निर्णय न घेण्याला स्वच्छ कारभार समजण्याची सवय त्या काळात पक्की झाली. लाच खाणाऱ्याला तुरुंगात टाका, कंपनीला जबर दंड करा, किंमत वसूल करा. त्या शिक्षेत सैनिकाला का ओढता? घेतलेल्या निर्णयाची चौकशी होते, न घेतलेल्या निर्णयाची कधीच होत नाही. मग फाइलवर आणखी एक शंका लिहून ती परत पाठवणे हाच कोणत्याही अधिकाऱ्यासाठी सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो. आणि गरज टळत नसल्यामुळे संकट आले की तहान लागल्यावर विहीर खणायला घेतो. उरीनंतर 2016 मध्ये दारूगोळ्याची तातडीची खरेदी, 2020 मध्ये गलवाननंतर प्रत्येकी 300 कोटींपर्यंतच्या करारांचे विशेष अधिकार आणि लडाखच्या हिवाळ्यासाठी परदेशातून मागवलेले कपडे, 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर पुन्हा तातडीची खरेदी. घाई असलेल्या गिऱ्हाईकाला कोणता विक्रेता सवलत देतो?

अलीकडे आणखी एक युक्तिवाद जोरात आहे. युक्रेनमध्ये काही हजार रुपयांचे ड्रोन कोट्यवधींचे रणगाडे फोडत आहेत, मग महागडी विमाने आणि तोफा घेण्यात अर्थ काय? हे म्हणणे अर्धे खरे आहे. मे 2025 मध्ये पाकिस्तानने ड्रोनच्या झुंडी पाठवल्या, आपणही घुसून स्फोट करणारे ड्रोन वापरले, युद्धाची रीत बदलते आहे यात वाद नाही. पण त्याच युक्रेनमध्ये सर्वांत जास्त ओरड होती ती तोफगोळ्यांच्या तुटवड्याची. मार्च 2024 पर्यंत दहा लाख गोळे देण्याचे युरोपीय संघाचे आश्वासन वेळेत पुरे होऊ शकले नाही, कारण कारखानेच तेवढे उरले नव्हते. आणि मे 2025 मध्ये ते ड्रोन पाडले कोणी? 2018 च्या करारातून आलेल्या रशियन एस-400 हवाई संरक्षण प्रणालीने, अनेक वर्षे खपून बनवलेल्या आकाश क्षेपणास्त्रांनी, जुन्या पण सुधारलेल्या विमानवेधी तोफांनी आणि या सगळ्यांना एका जाळ्यात बांधणाऱ्या नियंत्रण प्रणालीने. ड्रोनचा मुद्दा खर्चाविरुद्ध जात नाही, तो आपल्या खरेदीच्या पद्धतीविरुद्ध जातो. आघाडीवर ड्रोनची रचना काही आठवड्यांत बदलते. जॅकेटाला नऊ वर्षे घेणारी यंत्रणा ड्रोन विकत घेऊन हाती देईल तोवर तो निरुपयोगी झालेला असेल.

खर्चाच्या समर्थकांनाही मला तितकेच स्पष्ट विचारायचे आहे. मोठ्या, दिसणाऱ्या वस्तूंची संख्या मोजणे म्हणजे आधुनिकीकरण का? 1909 साली ब्रिटनमध्ये जर्मनीच्या भीतीने ड्रेडनॉट युद्धनौकांवरून रान उठले होते. 'आठ हव्यात आणि आत्ताच हव्यात' अशा घोषणा रस्त्यावर दिल्या गेल्या आणि आठ नौका मंजूर झाल्या. सहा वर्षांनी, 1915 च्या वसंतात, फ्रान्समधल्या ब्रिटिश तोफांना पुरेसे गोळे नव्हते. त्या तुटवड्याने पंतप्रधान अस्क्विथ यांचे उदारमतवादी सरकार गेले आणि संमिश्र सरकार आले. नौकांसाठी गर्दी जमली होती, गोळ्यांसाठी कोण जमणार? आपल्याकडे राफेल विमाने 36 की 126, यावर एक सार्वत्रिक निवडणूक गाजली. त्याच सुमारास, 2017 मध्ये, महालेखापालांच्या अहवालाने सांगितले की सप्टेंबर 2016 मध्ये दारूगोळ्याच्या 152 प्रकारांपैकी 61 प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणारा नव्हता. निकष आहे 40 दिवसांचा. 2018 मध्ये लष्कराच्या उपप्रमुखांनी संसदीय समितीपुढे सांगितले की, लष्कराची 68 टक्के सामग्री जुनाट झाली आहे आणि अत्याधुनिक म्हणावी अशी फक्त 8 टक्के आहे. विमानाच्या किमतीवर रात्रीचे तीन तास चर्चा करणाऱ्यांनी या दोन कागदांना किती मिनिटे दिली?

आणि देशभक्तीच्या नावाखाली लेखापरीक्षणालाच विरोध करणाऱ्यांना तर सैनिकाचा मित्र म्हणताच येणार नाही. दारूगोळ्याच्या अहवालावर 'शत्रूला माहिती पुरवली' अशी टीका झाली. पुढे संरक्षणविषयक अहवाल संकेतस्थळावर टाकणेच थांबले आणि 2020 मध्ये निवृत्त झालेल्या महालेखापालांनी त्याचे समर्थनही केले. शत्रूच्या उपग्रहांना आपल्या कोठारांची माहिती अहवालातून मिळते असे मानायचे आणि करदात्याला मात्र अंधारात ठेवायचे, यातून सुरक्षित कोण राहते? मला तरी फक्त दिरंगाई करणारे सुरक्षित राहिलेले दिसतात.

स्वदेशी हा यावरचा उपाय म्हणून सांगितला जातो आणि तो खराही आहे, पण किती खोलवरचे स्वदेशी? 1803 च्या सप्टेंबरात जालन्याजवळ असईला दौलतराव शिंद्यांच्या तोफखान्याने आर्थर वेलस्लीच्या फौजेची अशी दाणादाण उडवली की जिंकूनही इंग्रज हादरले. तोफा उत्तम होत्या, त्या आपल्याच कारखान्यांत ओतलेल्या होत्या, गोलंदाज शेवटपर्यंत तोफांपाशी लढत मेले. महादजींनी डी बॉईनच्या हाताखाली उभ्या केलेल्या या कवायती पलटणींवर पैसा कमी खर्च झाला नव्हता. पण अधिकारी परके होते. इंग्रजांनी फोडाफोडीचा जाहीरनामा काढताच कित्येक जण नोकरी सोडून गेले आणि सरसेनापती पेरॉन उत्तरेत शत्रूच्या स्वाधीन झाला. शिंद्यांकडे शस्त्र होते, त्यामागचे ज्ञान आणि नेतृत्व भाड्याचे होते.

तेजस या स्वदेशी लढाऊ विमानाची गोष्ट वाचताना मला असई आठवते. प्रकल्प मंजूर झाला 1983 मध्ये, पहिले उड्डाण 2001 मध्ये, पहिली स्क्वाड्रन 2016 मध्ये. 2021 साली 83 सुधारित विमानांची मागणी नोंदवली आणि 2025 मध्ये आणखी 97 विमानांची, सुमारे 62 हजार कोटींची. नाशिकजवळ ओझरला, जिथे एकेकाळी मिग बनत, तिथे तेजसची नवी उत्पादन साखळी उभी राहिली, हे अभिमानाचेच आहे. पण इंजिन अमेरिकेचे. 2021 मध्ये मागवलेल्या 99 इंजिनांपैकी पहिले मिळाले मार्च 2025 मध्ये. इंजिन नाही म्हणून विमान नाही, विमान नाही म्हणून स्क्वाड्रन नाही. स्वदेशी कावेरी इंजिनाचा प्रकल्प 1989 मध्येच सुरू झाला होता, तरी तेजसला परके इंजिनच लागते. चीनचे इंजिनही सुरुवातीला भरवशाचे नव्हते, पण त्यांनी दशकानुदशके पैसा आणि माणसे त्यावरून हटवली नाहीत. आपण संशोधनाला किती देतो? 2025-26 मध्ये डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेचा वाटा होता सुमारे 26,800 कोटी, म्हणजे एकूण संरक्षण खर्चाच्या चार टक्क्यांच्या आसपास. मला खर्च वाढवायचा असेल तर तो आधी इथे वाढवायचा आहे, जरी त्याची छायाचित्रे प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात दिसणार नसली तरी.

मे 2025 मध्ये हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग दिल्लीत उद्योजकांसमोर बोलले की, वेळेत पूर्ण झालेला एकही प्रकल्प त्यांना आठवत नाही, आणि करारावर सही करतानाच कधीकधी माहीत असते की हे वेळेत येणार नाही. सेवेत असलेल्या दलप्रमुखाने इतके उघड बोलणे आपल्याकडे दुर्मीळ आहे. दुसऱ्या देशात यावर संसदेत दिवसभर चर्चा झाली असती. आपल्याकडे ती एका दिवसाची बातमी झाली.

म्हणून माझ्या मागण्या दोन आहेत आणि त्या दोन्ही तटांकडे आहेत. पहिली, पंधराव्या वित्त आयोगाने संरक्षण व अंतर्गत सुरक्षेच्या आधुनिकीकरणासाठी 2021 ते 2026 या काळाकरिता 2,38,354 कोटींचा न बुडणारा निधी सुचवला होता. वर्ष संपले म्हणून पैसा परत जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. सरकारने तो तत्त्वतः मान्य केला, पण 2025 संपेपर्यंत तरी तो निधी प्रत्यक्षात उभा राहिलेला नव्हता. तो उभा करा. दुसरी, प्रत्येक अर्थसंकल्पासोबत संसदेपुढे एक विवरण ठेवा. प्रत्येक मोठ्या खरेदीची गरज कोणत्या तारखेला मान्य झाली, करार कधी व्हायचा होता, कधी झाला, सामग्री कधी यायची होती, कधी आली, आणि उशीर मंत्रालयात झाला, दलात झाला की कारखान्यात. शस्त्रांची गुपिते फुटतील असे यात काहीच नाही. तारखा शत्रूला आधीच ठाऊक असतात.

त्या विवरणातली पहिली ओळ कोणती असावी हेही सांगता येईल. 1999 साली, कारगिलच्याच वर्षी, मंत्रिमंडळाने तीस वर्षांचा पाणबुडी आराखडा मंजूर केला, 2030 पर्यंत 24 पाणबुड्या बांधण्याचा. त्यातल्या सहा स्कॉर्पीन मुंबईच्या माझगाव गोदीत तयार झाल्या, शेवटची 'वाघशीर' जानेवारी 2025 मध्ये नौदलात आली. पुढच्या सहांसाठी प्रकल्प 75-आयची निविदा 2021 मध्ये निघाली आणि त्यावरची किमतीची बोलणी सुरू व्हायला 2025 चा सप्टेंबर उजाडला.